फोटोतला रंग

साखरखेर्ड्याच्या बाजारात ‘सईद मॅचिंग सेंटर’ कुठं आहे म्हणून कोणालाही विचारा, माणूस आधी हसेल आणि मग रस्ता दाखवेल. हसेल तो दुकानाला नव्हे, दुकानात बसणाऱ्या मुबीनाबीला. बाईच्या नाकावर राग कायम. गिऱ्हाइकानं ट्यूबलाइटखाली साडीला फॉल लावून ‘जुळला, द्या बांधून’ म्हटलं की ही कडाडलीच समजा. “असा पाहतात काय वं रंग? चाल बाहेर, पायरीवर!” मग ती सरपंचाची बायको असो की शाळेतल्या बाई, तिला उन्हात उभं राहावंच लागे. साडीचा पदर, त्याच्यावर फॉल, बाजूला अस्तर, आणि मुबीनाबी एक डोळा बारीक करून बघणार. जुळला तर मान हलवायची. नाही जुळला तर मागवून देईन म्हणायची, पण चुकीचा रंग हातातून सुटू द्यायची नाही. नवरा सईद गेल्यावर दुकान तिनं एकटीनं रेटलं ते ह्याच हट्टावर.

आता ती पायरी रिकामी असते. आणि खरं सांगायचं तर ह्यात मुबीनाबीचाच हात आहे.

झालं असं, की तिचा पोरगा फहीम चाकणला कंपनीत. तो एकदा ईदला आला, आईच्या हातात नवा फोन ठेवला आणि म्हणाला, “अम्मी, बायांना यायला लावू नको. साडीचा फोटो मागव, फॉल पाठवून दे.” मुबीनाबीनं आधी फोनलाच शिव्या घातल्या. फोटोत कधी रंग दिसतो काय? पण बाईचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट होत नाही म्हटलं की ती करून दाखवल्याशिवाय चैन नाही. लागली मागं. फोटोत साडी लाल दिसायची, बाई दुकानात आणायची ती निघायची राणी. फोटोत मेंदी, हातात पोपटी. हळूहळू तिला उमगलं, की ह्यात साडीचा दोष नाही, फोनचा आहे. आणि प्रत्येक फोनची खोड वेगळी.

मग काय, गावातल्या फोनांची कुंडलीच तिनं मांडली. अविनाश मास्तरांचा फोन महागाचा, पण नुसता साखर घालणारा. सगळं जरा जास्तच गोड करून दाखवणार, फिक्या गुलाबीला भडक करणार. भाऊरावच्या बायकोचा फोन धुरकट. तिला मुबीनाबी आधी विचारायची, “भजे तळून राह्यली होती ना? पदरानं काच पूस अन् मंग काढ.” काळी-पिवळी चालवणाऱ्या देवानंदचा फोन संध्याकाळ झाली की सगळ्यावर निळं पाणी मारायचा. आणखी एकीच्या फोनात म्हणे माणसाचं तोंड गोरं व्हायचं. तो साडीचं पोतही इतकं गुळगुळीत करायचा की सुती कोणतं आणि सिल्क कोणतं कळू नये. “मेल्यानं सुरकुती ठेवली नाही,” मुबीनाबी म्हणायची, “माणसाचीही नाही अन् कापडाचीही नाही.”

शेवटी तिनं तोडगा काढला. फोटो काढताना साडीवर चिमूटभर मीठ ठेवायचं. मीठ तर घरोघर पांढरंच. ते फोटोत पिवळट दिसलं की समजायचं, फोन इतका पिवळा करतो; निळसर दिसलं की तितका निळा. तेवढं मनातल्या मनात वजा करायचं आणि फॉल काढायचा. बाया हसल्या, पण मीठ ठेवायला लागल्या. फॉल जुळायला लागले. आणि एकदा जुळायला लागल्यावर दुकानात कोण कशाला येईल? पुड्या देवानंदच्या गाडीनं जायच्या. फोटो यायचे, बाया यायच्या नाहीत. मुबीनाबी काउंटरमागं बसून दिवसभर मिठाचे फोटो पाहायची. तिच्याच हुशारीनं तिची पायरी ओस पाडली होती, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

बाकीच्यांचं एक वेळ जाऊ द्या. तिला खरी चुटपुट होती ती कौशल्याबाईंची.

कौशल्याबाई म्हणजे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणायचं आपलं नावाला. दर बाजारच्या दिवशी ही बाई भाजीची पिशवी घेऊन यायची, बाकावर टेकायची आणि एखादं दोऱ्याचं रीळ मागायची. रीळ हा बहाणा. मग चहा व्हायचा, सुना-लेकरं व्हायची, गुडघे व्हायचे. सईद गेला तेव्हा कौशल्याबाईंनी सांत्वनाचा एक शब्द काढला नव्हता. आल्या, बाकावर बसल्या, आणि विस्कटलेली अस्तरं रंगाप्रमाणं लावत राहिल्या, दुपार कलेपर्यंत. मुबीनाबी ते विसरली नव्हती. दोघींचं एकमेकींच्या घरी जाणं मात्र कधी झालं नाही. दुकान होतं, तेवढं पुरत होतं.

गेल्या दिवाळीनंतर कौशल्याबाईंच्या मुलानं, शेखरनं, हिवरा आश्रमला औषधाचं दुकान टाकलं आणि आईला घेऊन गेला. काही फार लांब नाही. फाट्यावर गाडी बदलली की झालं. पण ज्यांना कुठं जायची सवयच नाही त्यांना तेही परदेशच. मुबीनाबीनं एकदा फोन लावला होता. शेखरनं उचलला. “बोला खाला, काही काम होतं काय?” काम! काम काय असणार? मुबीनाबी गडबडली, “काही नाही बाप्पा, चुकून लागला,” म्हणाली आणि ठेवून दिला. दिवसभर स्वतःवरच चिडत बसली. दोघींना कापडाच्या आडूनच बोलायची सवय, नुसतं बोलायचं म्हटलं की जीभ उचलत नव्हती.

मग एक दिवस हिवऱ्याहून फोटो आला. कौशल्याबाईंच्या सुनेनं, दीपमालानं पाठवलेला. कापडाचा तुकडा दिसत होता फक्त, काठ नाही, पदर नाही. खाली लिहिलेलं, ‘आईंच्या साडीला फॉल पाहिजे.’ मुबीनाबीला इतका आनंद झाला की तिनं चहा उतू घालवला. फोटोवर मीठ नव्हतं. पण आपल्या माणसाला मीठ ठेवा म्हणायचं? ते परक्या गिऱ्हाइकांसाठी. कौशल्याबाईंच्या साडीचा रंग आपल्याला मिठाविना कळला नाही तर थू आपल्या जिंदगीवर! तिनं पाहिलं, डोळा बारीक केला. कॉफी कलर. फॉल काढला आणि फोनमध्ये बोलून पाठवलं, “कौशल्याबाई, रंग कळला, फॉल पाठवून राह्यली. गुडघे कसे आहेत? इकडं बाजारात मेथी आली, तुमच्याशिवाय घेवाशी वाटत नाही. काऊन गेल्या वं तुम्ही?” आणि असंच बरंच काहीबाही.

उत्तर आलं, ‘बरोबर जुळला.’ एवढंच. हात जोडल्याचं चित्र.

त्यानंतर थोड्या थोड्या दिवसांनी फोटो येत राहिले. एकदा वांगी रंग. एकदा वाइन. एकदा राखी. मुबीनाबी मनात म्हणायची, लेक चांगला कमवून राह्यला, आईले साड्या घेऊन राह्यला, बरं आहे. प्रत्येक वेळी ती फॉल पाठवायची आणि फोनात बोलायची. कोणाच्या घरी पोरगी झाली, कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, सगळं सांगायची. प्रत्येक वेळी तेच उत्तर. ‘बरोबर जुळला.’ कौशल्याबाईंचा स्वतःचा आवाज एकदाही आला नाही. आपण विहिरीत बोलावं आणि विहिरीनं नुसते हात जोडावे, असं तिला व्हायला लागलं.

माणूस एकटं पडलं की त्याच्या डोक्यात नाही नाही ते येतं. मुबीनाबीच्या डोक्यात आलं, की चुकीचा रंग पाठवावा. कौशल्याबाई कापडाच्या बाबतीत कमी चोखंदळ नव्हत्या. ‘हा एक छटा गडद आहे’ म्हणून परत करणारी बाई! रंग चुकला तर त्या गप्प बसायच्या नाहीत. येतील. भांडतील. पायरीवर उन्हात उभ्या राहून तोंड सोडतील, आणि मग आत येऊन बाकावर बसतील. बस, एवढंच पाहिजे होतं मुबीनाबीला. एकदा यावं त्यांनी.

पुढचा फोटो आला तो तिला आमसुली वाटला. तिनं गाजरी फॉल काढला. काढताना हात आखडला. आयुष्यात जाणूनबुजून चुकीचा फॉल तिनं दिला नव्हता. तरी पुडी बांधली, देवानंदच्या हाती दिली, आणि दोन दिवस रस्त्याकडं डोळे लावून बसली.

‘बरोबर जुळला.’

मुबीनाबी तो शब्द पाहतच राहिली. आमसुलीवर गाजरी बरोबर? मग तिचं डोकं फिरलं. पुढच्या फोटोला तिनं सरळ पोपटी पाठवला. असा पोपटी, की आंधळ्यालाही खुपावा. घ्या, आता तरी बोला!

‘अगदी बरोबर जुळला. आई खुश आहेत.’

त्या दिवशी तिनं दुकान उघडलं, पण गल्ल्यावर बसली नाही. बाकावर बसली, कौशल्याबाईंच्या जागेवर. राग आला होता, पण रागाच्या खाली जे होतं ते जास्त वाईट होतं. म्हणजे पाहतच नाहीत तर! पुडी येते, कुठंतरी पडते, सून दोन बोटांनी उत्तर टाकते. आपण इकडं जीव ओतून बोलतो ते कोणी ऐकतही नसेल. माणसं गेली की गेली, आपणच धरून बसतो. तिला एकदम फार एकटं वाटलं, सईद गेला तेव्हा वाटलं होतं त्याहूनही. तेव्हा निदान बाकावर कोणीतरी अस्तरं लावत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती देवानंदच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. देवानंद चाटच पडला. “खाला, आज पुडी नाही?”

“आज मीच आहे पुडी. चाल.”

सगळ्या रस्त्यानं ती मनात भांडण जुळवत होती. पहिलं वाक्य कोणतं, दुसरं कोणतं. लाज नाही वाटत, असं म्हणायचं. तीस वर्षांची ओळख अन् एक शब्द नाही, असं म्हणायचं. फाट्यावर गाडी बदलली, हिवऱ्याला उतरली, औषधाचं दुकान विचारत विचारत त्याच्या मागच्या घरापाशी पोचली. पडवीत बाजेवर कौशल्याबाई बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण त्याच. मुबीनाबी फाटक ढकलून आत आली, समोर उभी राहिली आणि पहिलं वाक्य तोंडाशी आणलं.

कौशल्याबाईंनी मान वर केली. चेहरा थोडा बाजूला, जिकडून फाटक वाजलं तिकडं. “कोण हाय वं?” त्यांनी विचारलं.

मुबीनाबी हातभर अंतरावर उभी होती. ऊन पडवीत पार आत आलं होतं. तिचं सगळं भांडण जागच्या जागी जिरून गेलं.

“मी हाय,” ती कशीबशी म्हणाली.

“अगं माय! मुबीनाबी!” कौशल्याबाईंनी दोन्ही हात पुढं केले, हवेत चाचपडत. मुबीनाबीनं ते धरले. “खरंच तुम्ही? का फोनातून बोलून राह्यल्या? दीपमाला! अवं दीपमाला, पाह्य कोण आलं!”

दीपमाला पदराला हात पुसत बाहेर आली आणि मुबीनाबीला पाहून तिचा चेहरा उतरला. चोरी पकडल्यासारखी ती दारातच थबकली.

“डोळे?” मुबीनाबीनं हळू विचारलं.

“गेले. काचबिंदू म्हणते डॉक्टर. तिकडं होती तवाच जाऊन राह्यले होते. म्हणून तं मी तुम्हाले म्हणे, तुम्हीच पाहा, तुम्हीच पाहा. तुम्हाले वाटे मी भरोशानं म्हणतो.” कौशल्याबाई हसल्या. “आता उजेड-अंधार कळते, बाकी काही नाही. पण ते जाऊ द्या. बसा तं आधी. दीपमाला, ते गाठोडं आण.”

“असू द्या ना आई, चहा ठेवतो मी आधी,” दीपमाला घाईनं म्हणाली.

“चहा होते मंग. आण म्हटलं ना!”

दीपमालानं गाठोडं आणलं. बाजेवर ठेवताना तिनं मुबीनाबीकडं असं पाहिलं, की हात जोडायचेच तेवढे राहिले. कौशल्याबाईंनी बोटांनी गाठ सोडली. आत सगळे फॉल होते, घड्यासुद्धा न मोडलेले. आणि एक साडी. एकच.

“पाह्यली?” कौशल्याबाईंच्या आवाजात लहान पोरीसारखी खोडी होती. “एकच साडी आहे, मुबीनाबी. हेच साडी. मी दीपमालाले म्हणे, आज दिव्याखाली काढ, आज शेखरच्या फोनानं काढ, काठ नको दाखवू. फोटो गेला की तुमचा आवाज येते ना. मी कानाले लावून बसतो. पुन्हा-पुन्हा लावतो, त्याले काय, तो थकत नाही. अन् उलटून बोलाची माही हिंमत होत नाही पाह्य, काय बोलू? डोळे गेले म्हणून सांगू? तुम्ही घोर लावून घेतला असता.”

मुबीनाबी साडीकडं पाहत होती. उन्हात पडलेली साडी. अंजिरी. धड जांभळी नाही, धड तपकिरी नाही, असा रंग, जो प्रत्येक फोन आपापल्या मनानं रंगवतो. आणि तिच्या बाजूला तिनं पाठवलेले फॉल: कॉफी, वांगी, वाइन, राखी, गाजरी, पोपटी. अख्ख्या गावाच्या फोनांच्या खोड्या तोंडपाठ असलेल्या बाईला एक साडी ओळखू आली नव्हती. एकही फॉल जुळत नव्हता. एकही नाही.

“दीपमाला म्हणे, खाला ओळखतीन अन् रागावतीन,” कौशल्याबाई सांगत होत्या. “मी म्हटलं, ओळखतीन तं चांगलंच हाय. तुमची नजर काय मले माहीत नाही? दरवेळी फॉल आला की मी हिले विचारे, कोणता रंग वं? हे म्हणे, तोच आई, मागच्यासारखाच. तवाच मी समजली. म्हटलं, पाह्य, मुबीनाबीनं पहिल्याच फोटोत ओळखलं. साडी एकच हाय हे त्याहीले माहीत हाय, तरी बी गुमान तोच फॉल पुन्हा पाठवून राह्यल्या, कामून की त्याहीले बी बोलाचं हाय. मले लई बरं वाटे. रात्री झोप नाही आली तं मी हेच आठवो. म्हटलं, तिकडं कोणीतरी आपल्याले ओळखून बसलं हाय.”

दीपमाला दारात खाली मान घालून उभी होती. सासूला खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

कौशल्याबाईंनी एक फॉल उचलला. पोपटी. अंजिरी साडीवर ठेवला आणि हातानं नीट पसरवला, जशा त्या दुकानात पसरवायच्या. “सांगा आता तुमच्या तोंडानं,” त्या म्हणाल्या. “ओळखलं होतं ना?”

मुबीनाबी साडीवर वाकली. पोपटी रंग उन्हात डोळ्यांत घुसत होता. दुकान उघडल्यापासून तिनं कधी, कोणाच्या भिडेखातर, न जुळलेल्या रंगाला जुळला म्हटलं नव्हतं.

“हाव,” ती म्हणाली. “पहिल्याच फोटोत ओळखलं. तुमची साडी मले कळणार नाही काय?”

“अन् जुळला?”

“जुळला.”

“सगळे?”

“सगळे, कौशल्याबाई. एकाच ताग्यातले आहेत.”

कौशल्याबाईंनी समाधानानं मान हलवली. मग सगळे फॉल एकावर एक ठेवून त्यांनी गाठोडं पुन्हा बांधलं. दीपमाला चहा ठेवायला आत गेली. आतून पुष्कळ वेळ नुसता गॅस सुरू असल्याचा आवाज येत राहिला. कौशल्याबाई मुबीनाबीचा हात सोडत नव्हत्या. आता नुसतंच बोलायचं होतं. मध्ये कापड नव्हतं ना. मुबीनाबी इकडचं तिकडचं सांगत राहिली आणि कौशल्याबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या, फोन कानाला लावल्यासारख्या.

उन्हं उतरायला लागली तशी ती उठली. कौशल्याबाई फाटकापर्यंत आल्या, भिंतीला हात लावत.

“मंग पाठवू ना पुढच्या बाजारी फोटो?” त्यांनी विचारलं.

“पाठवा.”

“तोच फॉल धाडान?”

“तोच,” मुबीनाबी म्हणाली, आणि आवाज फुटू नये म्हणून रागावल्यासारखी पुढं बोलली, “अन् काढतानी साडीवर चिमूटभर मीठ ठेवत जा म्हणा सुनेले. तुम्हीच तेवढ्या ठेवत नाही.”

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. शेजारी एक बाई लग्नाच्या खरेदीच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. वरच्या साडीला कोणीतरी चुकीच्या रंगाचं ब्लाउजपीस लावून दिलं होतं. मुबीनाबीनं ते पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा काहीच बोलली नाही.